दुसऱ्याच्या बागेत थिनिंगला जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: वय २४, बी.एस्सी. झालंय, तीन वर्षं पुण्यात राहून एमपीएससी करून आता थांबवलंय. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात राहतो, द्राक्षाच्या टोळ्यांना माणसं कमी पडतात म्हणून एक सीझन थिनिंगला (घडातले जादा मणी कात्रीनं काढायला) आणि तोडणीला जायचं म्हणतोय. वडील म्हणतात गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण चुलतभाऊ ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलाय आणि त्याचे फोटो आई आल्यागेल्याला दाखवते. काम एकच ना? मग जाऊ का नको, आणि पैसे खरंच किती सुटतात?

जा. नुसतं उत्तर हवं असेल तर इथंच थांबलास तरी चालेल. पण वडिलांना मोडीत काढू नको, ते उगाच बोलत नाहीयेत, त्यांच्या बोलण्याला जुनं कारण आहे आणि ते समजून न घेता तू कात्री घेऊन बागेत शिरलास तर चौथ्या दिवशी घरी येशील. मी बघितलीत अशी पोरं.

आधी माझं सांगतो. १९९९ ला बारावीला दांडी गुल झाली, वाटणीला आलेली जमीन सव्वा एकर आणि तीही कोरडवाहू, त्यामुळं पहिली सहा वर्षं मी निफाड-पिंपळगाव पट्ट्यात लोकांच्या बागेत रोजानं जायचो. मग हळूहळू बोअर, थोडं कर्ज, थोडी सासरची मदत असं करत आज साडेतीन एकर बाग आहे आणि सीझनला तोडणीच्या टोळ्याही सांभाळतो. म्हणजे मजूर म्हणून, मालक म्हणून आणि मधला माणूस म्हणून तिन्ही बाजूंनी शिव्या खाऊन झाल्यात, त्यामुळं कुणा एकाची बाजू घेऊन बोलतोय असं समजू नको.

आता वडिलांचं. तुझ्या आजोबांना विचार, असतील तर, सावड म्हणजे काय. मी तुझ्या शेतात दोन दिवस येतो, तू माझ्यात दोन दिवस ये, पैशाचा संबंध नाही. इर्जिक असली की सगळं गाव एकाच्या वावरात आणि त्याच्या घरून जेवण. तेव्हा दुसऱ्याच्या बांधावर राबायला कुणाला लाज वाटत नव्हती, पाटलाच्या घरचाही माणूस यायचा. ७२ च्या दुष्काळात तर चांगल्या खात्यापित्या घरच्या बाया रस्त्यावर खडी फोडायला गेल्या, सुकडी घेऊन घरी आल्या, आणि आज त्या गोष्टी म्हाताऱ्या हसत हसत सांगतात. सगळेच गेले ना, मग लाज कुणाची कुणाला वाटणार. म्हणजे घामाची किंवा मातीची लाज नाहीये आपल्याकडं. लाज सुरू होते संध्याकाळी हजेरीचे पैसे हातावर पडतात तिथून, कारण पैसे देणारा वर आणि घेणारा खाली हे गावानं ठरवून टाकलंय.

आणि ते का ठरलं तर सालगडी. पाडव्याला बोली व्हायची, वर्षभराचं धान्य, कपडे, थोडी रक्कम, आणि मग तो माणूस वर्षभर त्या घरचा, रात्री पाण्याची पाळी असो का मालकाच्या पाहुण्याला एसटी स्टँडवर सोडायचं असो. उचल घेतलेली असायची, ती फिटायची नाही, पुढच्या पाडव्याला परत तोच. आणि सालगडी कोण असायचं? ज्यांना जमीन नव्हती ते, म्हणजे कोणत्या वस्तीवरचे हे तुला मी सांगायची गरज नाही. वडील "लोक काय म्हणतील" म्हणतात तेव्हा खरं तर त्यांना म्हणायचं असतं की लोक आपल्याला त्यांच्या रांगेत धरतील. हे कुणी तोंडानं बोलत नाही, पण पोटात तेच असतं. तू त्या रांगेत जायला तयार आहेस का हा खरा प्रश्न आहे, कारण द्राक्षाच्या मांडवाखाली तुझ्या बाजूला पेठ-सुरगाण्याची आदिवासी माणसं असणार आहेत आणि ती तुझ्यापेक्षा दुप्पट काम करणार आहेत.

हे दुप्पटचं मी हवेत बोलत नाही. माझा पहिला दिवस सांगतो. नोव्हेंबर संपत आलेला, मणी बाजरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठे, थिनिंग चालू. मला वाटलं कात्रीनं घड मोकळा करायचा, त्यात काय एवढं. मी एक घड धरला तळहातात, खालून वर कातरत गेलो, पाच मिनिटांनी बघतो तर घडाचा नुसता सांगाडा. शेजारी हरसूलकडची एक मावशी होती, तिनं माझ्याकडं न बघताच सांगितलं, "दादा, घड धरायचा नाय, त्याला नुसता टेकू द्यायचा." तिची पद्धत अशी, डाव्या हाताची दोन बोटं देठाच्या मागं, घड स्वतःच्या वजनानं लटकू द्यायचा, वरच्या खांद्याच्या पाकळ्या (म्हणजे घडाच्या बारीक फांद्या) तशाच ठेवायच्या, मग मधली एकाआड एक पाकळी कापायची, शेपटी खुडायची, आणि शेवटी आत वळलेले मणी कात्रीच्या टोकानं काढायचे. शंभर-सव्वाशे मणी राहतील एवढं. मोजत कुणी नाही, नजर बसलेली असते. कात्रीचं टोक दुसऱ्या मण्याला लागलं तर त्या मण्यावर डाग पडतो, आज दिसत नाही, दोन महिन्यांनी घड पिकल्यावर दिसतो, आणि तो घड एक्स्पोर्टमधून बाहेर. म्हणजे मावशीच्या हातातली चूक फेब्रुवारीत कळते. मला तिच्या निम्म्या स्पीडला यायला पूर्ण सीझन लागला.

थोडा हिशेब करून बघ. ९ बाय ५ फुटांवर लावलेली बाग धर, एकरी साधारण ९६० झाडं. झाडाला ३५ घड ठेवले तर झाले ३३ हजार ६०० घड. एका घडाला फक्त एक मिनिट धरलं तरी साडेपाचशे तासांच्या वर जातं, म्हणजे आठ तासांच्या हिशेबानं ७० माणसांचा एक दिवस. हे फक्त थिनिंगचं, एका एकराचं. त्याच्या आधी ऑक्टोबर छाटणी, काडीच्या डोळ्यांना (जिथून कोंब फुटतो तिथं) पेस्ट, फेलफुटी म्हणजे नको ते फुटवे काढणं, जीएचं (मणी वाढवायच्या जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग (ते तर घडागणिक मगात बुडवायचं), नंतर पानं काढणं, घडांना पेपर लावणं, तोडणी, आणि उन्हाळ्यात परत खरड (एप्रिल) छाटणी, शेंडे मारणं, सबकेन (शेंडा खुडून बाजूची काडी फोडणं). तू बाजारातून आणतोस त्या द्राक्षाच्या घडाला खाण्याआधी सात-आठ वेळा माणसाचा हात लागून गेलेला असतो. वाइनची द्राक्षं परदेशात बऱ्याच ठिकाणी मशीननं झोडपून काढतात, खायच्या द्राक्षाला जगात कुठंही हातच लागतो. आणि यालाच आपण सरकारी कागदावर "अकुशल काम" म्हणतो. बरं.

आता चुलतभावाकडं येऊ. त्याचं कौतुक कर, त्यात खोटं काही नाही. तो गेला असेल त्या वर्क अँड हॉलिडे व्हिसावर, २०२४ पासून भारतीयांना चालू झालाय, १८ ते ३० वय, वर्षाला १००० जागा आणि त्याही लॉटरीनं. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा पाहिजे तर पहिल्या वर्षी ठरावीक भागात तीन महिने ठरावीक काम करावं लागतं, आणि शेती हे त्यातलं एक. म्हणजे बघ, शेतात राबणं ही तिकडं राहायला मिळण्याची किंमत आहे. गोरी पोरंसुद्धा, आयर्लंडची वगैरे, तेच करतात, फोटो टाकतात, नंतर ऑफिसात जातात. त्यांच्यासाठी ती एक ट्रिप असते.

आणि तिथली मंडळी स्वतः हे काम आनंदानं करतात असं समजू नको. २०२० मध्ये कोविडमुळं बाहेरचे मजूर येईनात तेव्हा ब्रिटननं पिक फॉर ब्रिटन म्हणून मोहीम काढली, खुद्द प्रिन्स चार्ल्सनं व्हिडिओ करून लोकांना आवाहन केलं की फळं तोडायला या. किती आले आणि किती टिकले हे बघून पुढच्या वर्षी मोहीम गुपचूप बंद झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीनं, सगळी विमानं बंद असताना, रोमानियातून खास विमानं भरून मजूर आणले, ॲस्परॅगस काढायला. अमेरिकेत तर त्याहून मजा. मेक्सिकोहून मजूर आणायची त्यांची ब्रासेरो योजना १९४२ पासून चालू होती, ती १९६४ ला बंद केली, आणि १९६५ च्या उन्हाळ्यात सरकारनं ठरवलं की हायस्कूलातली खेळाडू पोरं शेतात पाठवू, तगडी पोरं आहेत, करतील. २० हजार पोरांचं टार्गेट होतं. उतरली त्यातली थोडीच, आणि खरबुजाच्या शेतात ऊन, राहायच्या खोल्या आणि जेवण बघून कितीतरी पोरं मधेच घरी गेली, काहींनी संप केला. योजना एका उन्हाळ्यात आटोपली. म्हणजे जे काम "कुणीही करेल" म्हणतात ते तालमीतल्या पोरांना झेपलं नाही.

तर फरक कुठं पडतो? चुलतभाऊ तिकडं कुणाचा कोण, हे त्या मालकाला माहीत नाही. त्याचं आडनाव ऐकून त्याला कुठं बसवायचं हे तिथं कुणी ठरवत नाही. गावातलं कुणी बघत नाही, दिसतो तो फक्त फोटो, त्यात टोपी, गॉगल आणि मागं सफरचंदं. डॉलरचे रुपये करून सांगितले की काकांची मान वर. आणि मुख्य म्हणजे तो परत येणार किंवा पुढं जाणार हे सगळ्यांनी धरलेलं आहे. तू मात्र दिंडोरीत बांधावर उभा असशील, आणि रस्त्यानं जाणारा तुझा मास्तर तुला बघेल. तिकडचा "फळं तोडतो", इथला "मजूर आहे". एकाचं काम सांगतात आणि दुसऱ्याचा शिक्का. तुझ्या आईला दोष देऊ नको, सगळं गाव असंच बोलतं, मीसुद्धा बोललोय.

(जाता जाता, तिकडं सगळं न्यायाचं चालतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात उक्त्यावर काम करणाऱ्याला किमान ताशी वेतन मिळालंच पाहिजे हा नियम आला एप्रिल २०२२ मध्ये. त्याच्या आधी बादलीमागं पैसे, आणि नवख्या पोराची दिवसभरात किती बादल्या होणार, तर त्याचा खर्चही निघायचा नाही.)

आता आमच्या मालक लोकांचं रडगाणं. "मजूर मिळत नाही", "मजूर माजलेत", "रेशन फुकट मिळतं म्हणून कुणी काम करत नाही". हे तू प्रत्येक पारावर ऐकशील. यातलं निम्मं खरं आहे, ते असं की सगळ्या तालुक्याची थिनिंग एकाच आठ-दहा दिवसांत येते, मणी तुमच्यासाठी थांबत नाही, आठ-दहा मिलीमीटरच्या पुढं गेला की कात्री आत जात नाही. त्यामुळं त्या दिवसांत मजूर कमी पडणारच, देशातलं सगळं फुकट रेशन बंद केलं तरी पडणार. आणि टोळ्या आळशी असत्या तर त्यांचं वर्ष बघ ना, सटाणा-देवळ्याकडची अर्ली छाटणी आधी, मग दिंडोरी, मग निफाड, मग तोडणी, मग एप्रिल छाटणी, आणि जूनला पाऊस पडला की आवणीला घरी, स्वतःचं भात लावायला. त्यात नागली-वरई. माझ्यापेक्षा जास्त दिवस काम करतात ती माणसं. माझ्याकडं गेली अकरा वर्षं एकच टोळी येते, शेजाऱ्याकडं दरवर्षी नवीन, आणि दरात फरक एकरी थोडासाच. फरक एवढाच की शेजारी शेवटचे पैसे "माल विकल्यावर देतो" म्हणतो. आता माल विकला आणि व्यापारी पळाला तर? आमच्या जिल्ह्यात असे किती शेतकरी बुडालेत सगळ्यांना माहीत आहे, पोलिसात तक्रारी पडून आहेत. पण व्यापाऱ्यानं आपल्याला बुडवलं म्हणून आपण मावशीला बुडवायचं, ही साखळी तिच्यापाशीच का संपते हे मला कुणी सांगत नाही.

मालकाची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील हा पुढारी झाला. फेब्रुवारीत गारपीट झाली, मणी फुटले की एकरी चार-पाच लाखाचा खर्च एका रात्रीत जमिनीवर पडलेला असतो. मार्च २०२० ला ऐन तोडणीत लॉकडाऊन लागलं, माझी पावणेदोन एकर तोडायची बाकी, टोळी घाबरली, पोरंबाळं गावाकडं, गाड्या बंद, रातोरात चालत निघाली माणसं. मी आणि बायको, भाऊ-भावजय, म्हातारी आई असे पाच जण बागेत. सहा दिवसांत आम्ही जेवढं तोडलं तेवढं टोळी एका दिवसात तोडते. उरलेलं बेदाण्याला दिलं, कवडीमोलानं. त्या सहा दिवसांत माझ्या भावाला, जो तोवर "दोन तासाचं काम चार तास करतात" म्हणायचा, त्याला पहिल्यांदा कळलं की तोडलेला घड कॅरेटमध्ये ठेवतानाही एक पद्धत असते, देठ वर, मण्याला बोट नाही, कारण मण्यावर जी पांढुरकी झाक असते ती पुसली गेली की घड शिळा दिसतो. त्याचे कॅरेट पॅकहाऊसनं एक्स्पोर्टमधून काढून लोकल बाजाराच्या मालात टाकले. आता तो गप्प असतो.

एक गोष्ट माझ्याच चुकीची सांगतो. एक्स्पोर्टला माल द्यायचा तर ग्लोबलगॅपचं (चांगल्या शेतीच्या प्रमाणपत्राचं) ऑडिट असतं, त्यात शेतात संडास, हात धुवायला पाणी-साबण हे लागतं. मी बांधला. बांधला आणि कुलूप लावलं, म्हटलं घाण करतील, ऑडिटच्या दिवशी चकाचक दिसला पाहिजे. दोन सीझन असं चाललं. एकदा दुपारी माझ्या बायकोनं बघितलं की टोळीतल्या बाया डबा खाताना पाणी पीत नाहीयेत, उन्हात, फेब्रुवारीत. तिनं विचारलं तर एक जण म्हणाली, प्यायलो की जायचं कुठं, शेजारच्या उसात आता तोड झालीये. बायको मला काही बोलली नाही, किल्ली काढून त्या बाईच्या हातात दिली आणि घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कॅलिफोर्नियात डेलानो म्हणून गाव आहे, तिथं द्राक्षाच्याच मजुरांनी ८ सप्टेंबर १९६५ ला संप सुरू केला, आधी फिलिपिनो मजूर, आठवड्याभरात सीझर चावेझची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात आली, लोकांनी द्राक्षं खायची सोडली म्हणून १९७० ला मालक नमले. त्यांना नुसती मजुरी वाढवून नको होती, शेतात प्यायचं स्वच्छ पाणी आणि संडास पाहिजे होता. द्राक्ष तेच, मांडवही तसलाच, आणि मी २०१४ ला संडासाला कुलूप लावून बसलेलो.

त्याच कॅलिफोर्नियात १९७५ ला आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदी आली, कारण दिवसभर वाकून मजुरांच्या पाठी कायमच्या जात होत्या. आपल्याकडं खुरपं घेऊन दिवसभर उकिडवं बसणाऱ्या बायांच्या गुडघ्यांचा विचार कुणी केलाय असं मला आठवत नाही. असो, विषय भरकटला.

पैशाचं विचारलंस. आमच्या शिवारात गेल्या सीझनला रोजानं बाईला साडेतीनशे आणि गड्याला पाचशे होते, त्याच मांडवाखाली, त्याच कामाला. समान वेतनाचा कायदा १९७६ ला आला, आणि थिनिंगमध्ये बायांचा हात गड्यापेक्षा चांगला असतो हे प्रत्येक बागायतदार मान्य करेल, पण दर विचारला की "पहिल्यापासून असंच आहे". उक्त्यावर, म्हणजे एकरी ठरवून घेतलं की हा फरक बऱ्यापैकी मिटतो कारण टोळी आपसात सारखं वाटून घेते, नवरा-बायकोची जोडी एकच धरतात. उक्त्यावर सराव असलेला माणूस दिवसाला सातशे-आठशे पाडतो. तू पहिल्या महिन्यात त्याच्या निम्म्यावर असशील, आणि टोळीला तुझ्यामुळं भुर्दंड नको म्हणून सुरुवातीला रोजावरच जा. नोव्हेंबर मध्य ते मार्च अखेर धरलं तर मधले खाडे, पाऊस, सण जाऊन शंभर-एक दिवस भरतील. हिशेब तूच कर. लाखो सुटणार नाहीत. पण तीन वर्षं पुण्यात कॉट बेसिसवर घरचे पैसे भरत होतास त्या मानानं खिशात काहीतरी येईल, आणि द्राक्ष कळेल, जे तुझ्या बी.एस्सी.त कुणी दाखवलेलं नाही. पॅकहाऊसला क्वालिटीची पोरं लागतात, फिल्ड ऑफिसर लागतात, त्यातली निम्मी पोरं घड हातात घ्यायला घाबरतात. थिनिंग केलेल्याला तिथं दोन मिनिटांत ओळखतात.

काही कामाच्या गोष्टी. टोळीत शिरायचं तर मुकादमाला भेट, मालकाला नाही. नाशिकजवळ गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजार भरतो तिथं जाऊन उभं राहणं हाही मार्ग आहे, पण नवख्यानं तिथून सुरू करू नये, कोण कुठं घेऊन जाईल आणि संध्याकाळी किती हातावर ठेवेल याचा नेम नसतो. उचल घेऊ नको, कितीही गोड बोलून दिली तरी. पिकअपमध्ये तीस माणसं उभी कोंबलेली असली तर त्यात चढू नको, स्वतःची गाडी ने, दरवर्षी त्या पिकअप उलटतात आणि पेपरात चार ओळी येतात. कात्री स्वतःची घे, चांगली, टोक बोथट असलेली. आणि औषध फवारलेल्या बागेत त्याच दिवशी शिरायला लावत असतील तर सरळ नाही म्हण. टोळीतली माणसं म्हणत नाहीत, कारण त्यांना उद्याचा रोज पाहिजे असतो. तुला म्हणता येईल, तू म्हटलंस तर त्यांचंही काम होईल.

पुढच्या वर्षी ऑक्टोबर छाटणीलाही गेलास तर एक मात्र नीट लक्षात ठेव. काडीच्या डोळ्यांना जी पेस्ट लावतात ती हायड्रोजन सायनामाइडची असते. रबरी हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, मालक म्हणेल फडक्यानं लाव, काही होत नाही, ऐकायचं नाही. आणि त्या दिवशी, त्याच्या पुढं-मागं, दारूला शिवायचं नाही. अंगात पेस्ट गेलेली असली आणि वरून घोटभर जरी घेतली तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, माणूस आडवा पडतो. मी एका गड्याला असा मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलाय, डॉक्टर विचारत होता काय खाल्लं, काय खाल्लं, आणि बरोबर कुणालाच माहीत नव्हतं की पेस्टचा संबंध आहे. डब्यावर लिहिलेलं असतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. तू वाचू शकतोस. मोठ्यानं वाचून दाखव सगळ्यांना.

वडिलांचं राहिलं. त्यांच्याशी वाद घालू नको, चुलतभावाचा दाखला तर अजिबात देऊ नको, त्यानं घरात भांडण लागेल आणि बिचारा तिकडं राबतोय त्याचा काही दोष नाही. त्यांची खरी भीती लग्नाची आहे, ते तुला बोलणार नाहीत. मुलीकडचे विचारतात शेती आहे ना, किती एकर, पाणी आहे का, आणि मुलगा शेती करत नाही ना. शेती पाहिजे पण मुलगा शेतात नको, असलं स्थळ शोधतात, आणि तू तर दुसऱ्याच्या शेतात चाललायस. यावर माझ्याकडं उत्तर नाही. माझं लग्न जमताना सासऱ्यांना सांगितलं होतं की मुलगा द्राक्षाच्या "लाइनमध्ये" आहे, हजेरीवर जातो हे बायकोला लग्नानंतर कळलं, आणि ती अजून अधूनमधून ते काढते. तू तसं करू नको. पहिल्या आठवड्याचे पैसे वडिलांच्या हातात दे आणि त्यांना एकदा बागेत घेऊन ये, संध्याकाळी, टोळी कॅरेट उलटे टाकून चहा घेत बसते तेव्हा. माझे वडील आले होते असे. काही बोलले नाहीत, मावशीची कात्री हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाले, धार कोण लावतं याला.

थिनिंग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जोरात असते, त्याच्या आधी आठ दिवस जा, गर्दीत नवख्याला शिकवायला कुणाला वेळ नसतो. मांडवाखाली दिवसभर हात वर आणि मान मागं असते. पहिले चार दिवस घास गिळायलाही मान खाली येणार नाही, रात्री कुशीवर झोपता येणार नाही, वाटेल आपल्याला काहीतरी कायमचं झालं. पाचव्या-सहाव्या दिवशी मोकळी होते.